गोळी कुटून कानाला लावली तर?

वाचकाचं पत्र: माझी मांजर १३ वर्षांची आहे. तिचं थायरॉइड वाढलंय. दिवसातून दोनदा गोळी द्यायची म्हणजे नुसती झटापट. माझे दोन्ही हात ओरबाडून निघायचे आणि ती दिवसभर पलंगाखाली. म्हणून डॉक्टरांनी गोळीतल्याच औषधाचं, मेथिमाझोलचं, जेल बनवून घ्यायला सांगितलं, कानाच्या आतल्या बाजूला लावायचं. पाच-सहा आठवडे फार छान गेले. मग खराब होऊ नये म्हणून मी ते फ्रिजमध्ये ठेवलं, तर पातळ होऊन त्याचे दोन थर सुटे झाले. टाकून दिलं. नवीन यायला वेळ होता म्हणून उरलेल्या गोळ्या कुटून तेलात कालवल्या आणि तेच कानाला लावतेय. दहा दिवस झाले. औषध तेच, कान तोच, तरी ती पुन्हा रात्रभर ओरडत फिरते आणि हाताला हाडं लागायला लागलीत. माझं काय चुकलं? दुसरं म्हणजे आमच्या मोठ्या कुत्र्यासाठी मानेवर टाकायचं पिसवांचं औषध आणलंय, त्यातलं थोडं मांजरीला चालेल का? रात्री मी गुडघ्याला मलम चोळून बसते तेव्हा ती मांडीवर येऊन माझा हात चाटत बसते, इतकी लाघवी आहे. तिला गमवायचं नाहीये.

ताई,

आधी काय करायचं ते सांगतो, कारणं मागून. गोळी-तेलाचं मिश्रण आजच बंद करा. कुत्र्याच्या औषधातला एक थेंबही मांजरीला लावू नका. आणि नवीन जेल येण्याची वाट न पाहता उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा. गेले दहा दिवस नेमकं काय लावलं, किती लावलं, ते जसंच्या तसं सांगा. संकोच करू नका. मधल्या दिवसांत गोळी तोंडानं द्यायची का, किती द्यायची, रक्त कधी तपासायचं, हे त्यांना त्यावरूनच ठरवता येईल.

आता तुमचं एक वाक्य घेतो: ‘औषध तेच, कान तोच.’ दोन्ही खरं आहे. पण औषध आणि कान यांच्यामध्ये तिसरी एक गोष्ट असते आणि ती बदलली. औषध ज्यात घोळलेलं असतं तो आधार, ज्याला औषधवाले ‘बेस’ म्हणतात. कातडीवर लावायच्या औषधात बेस म्हणजे नुसतं भरताड नव्हे. औषध आत जाणार की वर बसून राहणार, तासाभरात जाणार की दिवसभर झिरपत राहणार, हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो.

कातडीचं काम मुळात बाहेरचं बाहेर ठेवण्याचं. तिच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या, चपट्या, केराटिननं भरलेल्या पेशी असतात, विटांसारख्या रचलेल्या. विटांमधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांनी लिंपलेल्या असतात. औषधाला बहुतेक वेळा या लिंपणातूनच वाट काढावी लागते. लिंपण स्निग्ध आहे, म्हणून निव्वळ पाण्यात रमणारं औषध तिथं अडतं. पण त्याच्या खालची जिवंत कातडी पाणीदार आहे, म्हणून निव्वळ तेलात रमणारं औषध लिंपणात शिरतं आणि तिथेच मुक्काम ठोकतं. दोन्हीकडे थोडं थोडं जमवून घेणारं औषध पार जातं. शिवाय रेणू लहान हवा. ५०० डाल्टनच्या (हे रेणूचं वजन मोजायचं माप) वरचे रेणू शाबूत कातडीतून सहसा जात नाहीत, हा ठोकताळा २००० साली मांडला गेला आणि अजून वापरात आहे. तुमच्या मांजरीच्या मेथिमाझोलचा रेणू जेमतेम ११४ डाल्टनचा, म्हणजे आकाराची अडचण नाही. म्हणून तर ते कानातून देण्याची कल्पना पुढे आली.

मग तेलात काय बिघडलं? मेथिमाझोल पाण्यात सहज विरघळतं, तेलात नाही. तुम्ही कालवलेल्या मिश्रणाचा थेंब काचेवर पसरून उजेडात धरा, बारीक रवा दिसेल. त्या रव्यात औषधाचे कण आहेत आणि गोळी बांधण्यासाठी घातलेली भुकटीही आहे. न विरघळलेला कण कातडीतून जात नाही. आधी रेणू सुटा व्हावा लागतो, मगच त्याला वाट मिळते. तेव्हा तुम्ही लावत होता त्यातला बराचसा भाग कानावर कोरडा बसला असणार. मांजरीनं पंजानं कान पुसला, पंजा चाटला, आणि काही कण पोटात गेले. किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय ढवळल्यावर वर आलेल्या थेंबात एक मात्रा आणि तळाला बसलेल्यात दुसरी. दहा दिवसांत तिला कधी जवळजवळ काहीच मिळालं नसेल, तर एखाद्या दिवशी जास्तही मिळालं असेल.

उलट टोकाचीही गंमत आहे. औषध बेसमध्ये पुरेपूर विरघळलं की काम झालं, असं वाटतं. तसं नाही. औषधाला बेसमध्ये फारच सुख लागलं तर त्याचा तिथून पाय निघत नाही. चांगला बेस औषधाला विरघळवतो, पण अगदी काठोकाठ. म्हणजे ते बाहेर पडायला उतावीळ राहतं. स्पिरिटसारखा उडून जाणारा द्रव बेसमध्ये घालतात त्याचं एक कारण हेच. द्रव उडाला की उरलेल्या थेंबात औषध दाटतं आणि कातडीकडे ढकललं जातं. एका टक्क्याचं लोशन आणि एका टक्क्याचं मलम यांच्यावर आकडा एकच छापलेला असतो, पण कातडीखाली पोचणारं औषध सारखं नसतं. ट्यूबवरचे टक्के म्हणजे ट्यूबमध्ये काय आहे ते. आत किती गेलं ते नव्हे. हे मी दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी सांगतो.

तुमचं पहिलं जेल बहुधा प्लुरॉनिक लेसिथिन ऑर्गॅनोजेल या प्रकारचं असणार, कारण थंडीनं पातळ होऊन थर सुटणं ही त्याची ओळख. यातलं लेसिथिन मेदाच्या जातीचं, ते विटांमधल्या लिंपणात शिरून रचना थोडी सैल करतं. प्लुरॉनिकचा पाणीदार भाग पाण्यात विरघळणाऱ्या औषधाला सांभाळतो. आणि प्लुरॉनिकचा स्वभाव आपल्या नेहमीच्या अनुभवाच्या उलटा आहे: तूप थंडीत थिजतं, हे थंडीत पातळ होतं आणि उबेत दाटतं. फ्रिजमध्ये ते सैलावलं, लेसिथिन आणि पाणी वेगळं झालं, सगळी बांधणी मोडली. तुम्ही ते टाकून दिलंत ते बरोबर केलंत. फ्रिजमध्ये ठेवलंत ती चूक म्हणणार नाही, सांगायला हवं होतं ते कुणीतरी सांगितलं नाही. नवीन जेल घेताना बनवणाऱ्याला विचारा की बेस कोणता आहे आणि ठेवायचं कुठे. या बेसचं असेल तर घरातल्या साध्या तापमानाला, उन्हापासून दूर. बेस दुसरा असेल तर सूचना दुसरी असेल. आणि बेस बदलला असेल तर डॉक्टरांना कळवा, कारण मात्रा तीच ठेवली तरी रक्तातली पातळी बदलू शकते.

लावण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण उत्तम जेलही इथे वाया जातं. बोटाला रबरी टोपी किंवा हातमोजा घाला. मेथिमाझोल तुमच्या कातडीतूनही जातं आणि तुमचं थायरॉइड ठाकठीक आहे. घरात कुणी गरोदर असेल तर त्यांनी हे काम अजिबात करू नये. कानाची पाळी हलकेच बाहेर उलटवा. आतली बाजू जवळजवळ केस नसलेली, पातळ, गुलाबी दिसते, उजेडात रक्तवाहिन्यांचं जाळंही दिसतं. तिथेच लावायचं, खाली कानाच्या भोकात नाही. आदल्या वेळचा पिवळट पापुद्रा असेल तर ओल्या कापसानं पुसून घ्या, नाहीतर नवा थर जुन्या थरावर बसतो आणि कातडीला शिवतच नाही. पुसायला साधं कोमट पाणी पुरे. साबण, स्पिरिट नको, त्यानं कान चुरचुरतो आणि लाल झालेल्या कातडीतून औषध वेगळ्याच गतीनं जातं. मग बोटानं हळू चोळत पसरवा, पाच-दहा सेकंद. एका वेळी डावा कान, पुढच्या वेळी उजवा. नंतर काही मिनिटं तिला जवळ घेऊन बसा, पंजा कानाकडे गेला की गळ्याखाली खाजवा. घरात दुसरं मांजर असेल तर दोघांना तेवढा वेळ वेगळं ठेवा, एकमेकांचे कान चाटण्याची त्यांना भारी हौस.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका, गोळीइतक्या लवकर गुण येण्याची. कानातून दिलेलं मेथिमाझोल पहिल्या मात्रेला फार थोडं आत जातं, रोज लावत राहिलं की परिणाम जमत जातो. तौलनिक अभ्यासात पहिल्या दोन आठवड्यांत गोळी पुढे होती. पण उलट्या आणि अन्नावरची वासना उडणं हे त्रास जेल लावलेल्या मांजरांत कमी दिसले. तिच्या वयाला ही मोठी गोष्ट आहे.

हे वाचून ‘मग तिची बाकीची औषधंही जेलमध्ये करून द्या’ असं मनात येईल. मांजराच्या तोंडात गोळी घातलेल्या प्रत्येकाच्या मनात येतं. नाही जमत. फ्लुओक्सेटिन हे वागणुकीच्या तक्रारींवरचं औषध अशाच जेलमधून मांजरांना दिल्यावर रक्तात पोचलेलं औषध तोंडावाटेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याचं निघालं. अँटिबायोटिकांच्या बाबतीत तर हा जुगार खेळूच नये. पुरेसं पोचलं नाही तर आजार तसाच राहतो आणि जंतू मात्र औषधाला सरावतात. कानाला लावण्यासाठी रीतसर तपासून मंजूर झालेलं औषध असेल तर गोष्ट वेगळी. वजन उतरलेल्या मांजरांसाठी मिर्टाझापिनचं असं मलम अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं २०१८ मध्ये मंजूर केलं. तिथे बेस, मात्रा आणि रक्तातली पातळी या तिन्ही गोष्टी एकत्र तपासलेल्या असतात. तुमच्या मांजरीला ते लागेल असं मी म्हणत नाही, आधी थायरॉइड ताब्यात येऊ द्या.

औषध कमी जाण्याबद्दलच बोलतोय, पण जास्त गेल्यानं झालेलं नुकसान मला जास्त छळतं. दवाखाना सुरू केल्याच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एक कुत्रा पुढचा पाय सारखा चाटून चाटून सोलवटून घ्यायचा. मी स्टेरॉइडचं मलम दिलं, पातळसं लावा म्हणालो. मालकांनी जिव्हाळ्यानं त्यात आपली भर घातली: चाटू नये म्हणून मलमावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर पट्टी, रात्रभर. तीन आठवड्यांनी पट्टी सोडली तर कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली, खालची निळी शीर सबंध दिसत होती. कुत्रा भांडंभर पाणी पीत होता आणि घरात लघवी करत होता. स्टेरॉइड रक्तात उतरलं होतं. हवा बंद झाली की कातडी ओलसर होऊन फुगते, विटांमधलं लिंपण ढिलं पडतं आणि तेच मलम कितीतरी पटीनं आत जातं. मालकांचा काहीच दोष नव्हता. ‘वरून झाकू नका’ हे तीन शब्द मी बोललो नव्हतो. तेव्हापासून कुठलंही मलम देताना ते शब्द आधी तोंडात येतात. उष्णतेचंही तसंच. वेदनेसाठी फेंटॅनिलची चिकटपट्टी लावलेलं जनावर शेकायच्या गादीवर निजवलं तर रक्तप्रवाह वाढून औषध बेतापेक्षा जोरात जाऊ शकतं. हीच पट्टी मांजरात काही तासांत परिणाम दाखवते, कुत्र्यात मात्र जवळजवळ दिवस लागू शकतो.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तो नेमका याच फरकाचा आहे. कुत्रा आणि मांजर म्हणजे लहानमोठ्या मापाचं एकच जनावर नव्हे. सेलामेक्टिन हे मानेवर टाकायचं औषध घ्या. मांजरात त्यातलं साधारण ७४ टक्के रक्तात पोचल्याचं मोजलं गेलंय, कुत्र्यात जेमतेम ४ टक्के. मांजराच्या अंग चाटण्याचा वाटा यात धरावा लागेल, तरी तफावत केवढी. फिप्रोनिल या पिसवांवरच्या औषधाची तऱ्हा आणखी वेगळी. त्यानं रक्तात जावं अशी अपेक्षाच नाही. ते कातडीवरच्या तेलकट थरातून अंगभर पसरतं, केसांच्या मुळाशी तेलग्रंथींत साठतं आणि तिथून हळूहळू वर येत राहतं. म्हणूनच असं औषध टाकण्याच्या आधी आणि नंतर दोनेक दिवस आंघोळ नको म्हणतात, शाम्पू तो तेलकट थरच धुऊन नेतो. नेमके दिवस पाकिटावर वाचा.

आणि तुमच्या कुत्र्याच्या पाकिटावर परमेथ्रिन या कीटकनाशकाचं नाव आहे का ते आत्ता उठून बघा. कुत्र्यांच्या अनेक थेंब-औषधांत ते घट्ट प्रमाणात असतं. कुत्र्याला ते सोसतं. मांजराच्या यकृतात असली रसायनं मोडून बाहेर टाकण्याची एक यंत्रणा फार दुबळी आहे, त्यामुळे तिला थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. ‘थोडंसंच’ हे इथे चालत नाही. कुत्र्याच्या अंगावर ते ओलं असताना मांजर त्याला बिलगून झोपली तरी धोका आहे. तेव्हा औषध टाकलेल्या दिवशी दोघांना वेगळं निजवा, शक्य तर त्यानंतरचा एखादा दिवसही. चुकून लागलंच तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य द्रव साबण घेऊन धुवा आणि लगेच दवाखाना गाठा, थरथर सुरू होण्याची वाट पाहू नका. गरम पाणी नको, त्यानं कातडीतला रक्तप्रवाह वाढतो. परमेथ्रिन नसलं तरी मोठ्या कुत्र्याचं औषध मोजून-मापून मांजराला टाकायचं नाही. पिसवांसाठी मांजराचं, तिच्या वजनाचं वेगळं औषध मिळतं.

चाटणं हा शब्द या पत्रात सारखा येतोय, तो उगीच नाही. गाईंच्या पाठीवर ओतायचं आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध असतं. टोचायची मात्रा किलोला २०० मायक्रोग्रॅम, तर ओतायची ५००, कारण कातडीतून थोडंच जातं हे धरलेलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकसारख्या जुळ्या गुरांच्या जोड्या घेतल्या. जोडीतल्या एकाला स्वतःचं अंग चाटू दिलं, दुसऱ्याला नाही. चाटणाऱ्यांच्या बाबतीत पाठीवर ओतलेल्या औषधातला निम्म्याहून जास्त भाग जिभेवाटे पोटात गेला होता. म्हणजे आपण ज्याला कातडीचं औषध म्हणतो ते गाईनं चक्क प्यायलं होतं. मला हा अभ्यास फार आवडतो. कातडीला लावायचं औषध ठरवताना जनावर दिवसभर काय करतं हेही बघावं लागतं, हे त्यातून इतकं स्वच्छ दिसतं. तुमच्या मांजरीच्या मानेवर कधी थेंब टाकाल तेव्हा ते डोक्याच्या मागच्या खोबणीत, जीभ पोचत नाही तिथे, केस दोन्हीकडे सारून पांढरी कातडी दिसेपर्यंत भांग पाडून टाका. केसांवर पडलेला थेंब केसांवरच वाळतो.

तुमच्या पत्रातली जी ओळ तुम्ही कौतुकानं लिहिलीत, तीच वाचताना मला धस्स झालं. गुडघ्याला चोळायच्या मलमाची ट्यूब हातात घ्या आणि त्यातली नावं वाचा. २०१५ मध्ये एफडीएनं एक इशारा दिला होता. माणसं आपल्या दुखण्यावर फ्लुर्बिप्रोफेन हे वेदनाशामक असलेलं मलम लावत होती, मांजरांना कुणी काही लावलं नव्हतं. तरी दोन घरांतली मांजरं आजारी पडली, काहींची मूत्रपिंडं बिघडली आणि एका घरातली मांजरं गेली. वेदनाशामकांच्या या गटातली इतर औषधंही मांजराला सोसत नाहीत. आणि तिचं थायरॉइड वाढलेलं असताना मूत्रपिंडाचा आजार रक्ततपासणीत झाकला जाऊ शकतो, उपचारानं थायरॉइड खाली आलं की मग तो दिसायला लागतो. म्हणून उद्या फोन कराल तेव्हा या मलमाचं नाव डॉक्टरांना वाचून दाखवा, आणि थायरॉइडबरोबर मूत्रपिंडाची तपासणीही करायची का ते विचारा. मलम यापुढे तिला खोलीबाहेर ठेवून लावा, हात साबणानं धुवा, गुडघा कपड्यानं झाका, आणि मलम पुसलेला बोळा झाकणाच्या डब्यात टाका. मग तिला मांडीवर घ्या.